मोनोवाय, लोकसंख्या १: हे गाव रिकामं कसं झालं आणि तो आकडा वाचायचा कसा

प्रश्न असा आला होता: "अमेरिकेत नेब्रास्कामध्ये एक गाव आहे, तिथे फक्त एक आजी राहतात, त्याच सरपंच, त्याच क्लार्क, असा व्हिडिओ बघितला. खरं आहे का? बाकीचे लोक गेले कुठे? आणि २०२० च्या सेन्ससमध्ये तिथे २ माणसं दाखवलीत ती कुठून आली?"

खरं आहे. गावाचं नाव मोनोवाय, बॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येतं, नेब्रास्काच्या अगदी वरच्या टोकाला, साउथ डकोटाच्या हद्दीजवळ. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, पण गेली बावीस वर्षं नेब्रास्का आणि आयोवात जमिनीचे नकाशे, हद्दी, जीआयएस म्हणजे संगणकावरचे नकाशे, हेच काम करतोय, आणि हा सगळा पट्टा मी गाडीने आणि पायी दोन्ही फिरलोय. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल, कारण "एक माणूस राहतो" एवढंच सांगून थांबलं की त्या जागेची सगळी गोष्टच हातातून निसटते.

आधी जागा कशी आहे ते डोळ्यासमोर आणा. दक्षिणेला नायोब्रॅरा नदी, उत्तर-पूर्वेला मिसूरी, आणि दोन्हींच्या मधून वाहणारा एक छोटा ओढा, पोंका क्रीक, त्याच्या खोऱ्यात हे गाव. गावाची कायदेशीर हद्द ०.२१ चौरस मैल, म्हणजे साधारण १३५ एकर, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाडीच्या शिवारापेक्षाही कमी. बाजूने हायवे १२ जातो. मिडवेस्ट, म्हणजे अमेरिकेचा मधला पट्टा, म्हटलं की लोकांना सपाट मक्याची शेतं आठवतात पण इथे तसं नाही, नद्यांनी कापून काढलेल्या टेकड्या, गवत, घळींमध्ये झाडं, आणि पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास. मका होतो पण भरवशाचं म्हणाल तर गवत आणि गुरं. नेब्रास्कात आजही माणसांच्या सुमारे तिप्पट गुरं आहेत, आणि त्या भागात फिरताना ते लगेच पटतं.

आता इतिहास. बहुतेक ठिकाणी तुम्हाला "१९०२ मध्ये गाव वसलं" असं सुरुवातीलाच वाचायला मिळेल. मला हे वाक्य मनापासून खटकतं, कारण त्यामुळे असं वाटतं की १९०२ च्या आधी तिथे फक्त गवत होतं. त्या ओढ्याचं नाव पोंका क्रीक का आहे? कारण ती पोंका या मूळनिवासी जमातीची भूमी. त्यांची गावं, मक्याची शेतं, पुरलेली माणसं, सगळं नायोब्रॅरा आणि मिसूरीच्या संगमाच्या आसपास. १८६८ मध्ये अमेरिकन सरकारने सू या दुसऱ्या मूळनिवासी लोकांशी फोर्ट लॅरमीचा करार केला आणि त्यात चुकून पोंकांची जमीनही सू लोकांना लिहून दिली. एका कारकुनी चुकीची दुरुस्ती करायच्या ऐवजी १८७७ मध्ये पोंकांनाच उचलून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात नेलं. तिथे आजारपणात माणसं पटापट गेली. त्यांचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगाही गेला, आणि मुलाला आपल्या मातीत पुरायचं म्हणून ते १८७९ च्या जानेवारीत, भर हिवाळ्यात, थोड्या लोकांना घेऊन उत्तरेकडे चालत निघाले. सैन्याने पकडलं, ओमाहात खटला चालला, आणि १८७९ च्या मे महिन्यात न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने इंडियन, म्हणजे मूळनिवासी माणूस, हा "व्यक्ती" आहे. हे कोर्टाला सांगावं लागलं! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं. २०१९ पासून स्टँडिंग बेअर यांचा पुतळा वॉशिंग्टनला कॅपिटलमध्ये, म्हणजे तिथल्या संसद भवनात, नेब्रास्काच्या वतीने उभा आहे, आणि नेब्रास्कातल्या पोंका जमातीची सरकारी मान्यता १९६० च्या दशकात काढून घेतली होती ती १९९० मध्ये परत मिळाली. म्हणजे मोनोवायच्या आसपासची पहिली रिकामी झालेली गावं पोंकांची होती, आणि ती कोणत्याही आर्थिक कारणाने रिकामी झाली नाहीत.

त्याच भागातली अजून एक गोष्ट सांगतो, कारण फार कमी लोकांना माहीत असते. लुइस आणि क्लार्कची मोहीम, म्हणजे सरकारने पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला पाठवलेली तुकडी, १८०४ च्या सप्टेंबरमध्ये मिसूरीने वर चालली होती, आणि ७ सप्टेंबरला याच बॉइड काउंटीत, लिंचच्या उत्तरेला ओल्ड बॉल्डी नावाची एक बोडकी टेकडी आहे तिच्याजवळ त्यांना प्रेअरी डॉग दिसले. खारीच्या कुळातला, बिळं करून वसाहतीने राहणारा प्राणी. एक जिवंत पकडायचा म्हणून त्यांनी बिळात पाणी ओतलं, बरीच मेहनत केली, आणि पुढच्या वर्षी एक जिवंत प्रेअरी डॉग थेट राष्ट्राध्यक्ष जेफरसनकडे पाठवला.

बॉइड काउंटीचा हा तुकडा आधी नेब्रास्कात नव्हताच. नायोब्रॅरा आणि किया पाहा नद्यांच्या उत्तरेचा भाग डकोटाकडे होता. काँग्रेसने १८८२ मध्ये राज्याची उत्तर सीमा ४३ अंश अक्षांशाच्या सरळ रेघेवर न्यायचं ठरवलं, पण ती जमीन सू लोकांच्या रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीत, असल्याने प्रत्यक्षात १८९० मध्ये ती नेब्रास्कात आली, आणि लगेच १८९१ मध्ये बॉइड काउंटी झाली. मग मोजणीवाले आले. आपल्याकडे शिवाराच्या हद्दी ओढ्यावरून, बांधावरून, जुन्या झाडावरून चालतात, इथे १७८५ च्या जमीन कायद्यापासून सगळं चौकोनी: सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, आणि त्याचा चौथा भाग १६० एकर. हा १६० चा आकडा लक्षात ठेवा, कारण १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला एवढीच जमीन मिळायची, पाच वर्षं राहून कसायची अट होती. म्हणजे एका चौरस मैलात चार कुटुंबं. आणि आपल्याकडच्यासारखं गावठाणात घर आणि बाहेर शेत असं इथे नव्हतंच, प्रत्येकाचं घर स्वतःच्याच शेतात. हा फरक नीट समजून घ्या, कारण याचा अर्थ मिडवेस्टमधलं खेडं हे शेतकऱ्यांनी राहायचं ठिकाण नसायचंच मुळी. शेतकरी बाहेर राहायचा, खेडं होतं त्याचं धान्य विकायला, सामान घ्यायला, पत्र टाकायला, पोरांच्या शाळेला, रविवारी चर्चला.

आणि ते खेडं कुठे वसायचं हे रेल्वे ठरवायची. फ्रिमाँट, एल्कहॉर्न अँड मिसूरी व्हॅली नावाच्या रेल्वे कंपनीने १९०२ मध्ये आपली लाइन व्हर्डिग्रीपासून पोंका क्रीकच्या खोऱ्याने पुढे साउथ डकोटातल्या बोनस्टीलपर्यंत नेली, आणि वाटेत सहा-सात मैलांवर एकेक स्टेशन टाकलं: व्हर्डेल, मग मोनोवाय, मग लिंच. सहा-सात मैलच का, तर घोड्याच्या गाडीत धान्य भरून शेतकऱ्याने सकाळी निघावं, माल उतरवावा, बाजार करावा आणि अंधार पडायच्या आत घरी पोचावं. तो हिशोब माणसाचा नव्हता, घोड्याचा होता. त्याच वर्षी मोनोवायला पोस्ट ऑफिसही उघडलं. नाव एका मूळनिवासी भाषेतून घेतलं, अर्थ "फूल", कारण तिथे रानफुलं भरपूर. दोन वर्षांनी, १९०४ मध्ये, पलीकडे रोझबड रिझर्व्हेशनची जमीन लॉटरीने वाटली गेली, लाखाच्या वर लोकांनी नावं नोंदवली आणि बोनस्टीलमध्ये तर नुसती झुंबड, ती सगळी माणसं याच लाइनने मोनोवायवरून गेलेली. १९१० मध्ये बॉइड काउंटीत साडेआठ हजारांच्या वर माणसं होती. मोनोवाय १९३० च्या दशकात सगळ्यात भरलेलं, दीडशेच्या आसपास, किराणा दुकानं, खाणावळी, तुरुंगसुद्धा होता.

बाकीचे लोक कुठे गेले, हा तुमचा खरा प्रश्न. लोक व्हिडिओत म्हणतात "दुष्काळाने गाव उठलं" किंवा "रेल्वे बंद पडली म्हणून". दुष्काळ होता, १९३० च्या दशकात वाईट होता, पण एकट्या दुष्काळाने उठलं असतं तर पाऊस आल्यावर परत भरलं असतं ना. माझ्या मते मुख्य कारण हेच की घोड्याचं अंतर संपलं. ट्रक आला, रस्ते चांगले झाले, शेतकरी सहा मैलांऐवजी चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावात जायला लागला कारण तिथे भाव चांगला, दुकान मोठं. ग्रामीण टपाल थेट शेताच्या दारात यायला लागलं तशी छोट्या पोस्ट ऑफिसांची गरज गेली. आणि दुसरीकडून ट्रॅक्टर. ज्याला १६० एकरांत घरचे सगळे हात लागायचे तो आता एकटा हजार एकर बघतो. आज नेब्रास्कात सरासरी शेत ९०० एकरांच्या वर आहे. जिथे चौरस मैलात चार चुली होत्या तिथे आता दोन-तीन चौरस मैलांत एक. चुली कमी झाल्या की गिऱ्हाईक कमी, गिऱ्हाईक कमी की दुकान बंद, दुकान बंद झालं की दुकानदाराची पोरं शाळेतून कमी, मग शाळा. मोनोवायमध्ये हे याच क्रमाने झालेलं स्पष्ट दिसतं: चर्चमधला शेवटचा अंत्यविधी १९६० चा, पोस्ट ऑफिस १९६७ ला बंद, उरलेली तीन किराणा दुकानं १९७० पर्यंत बंद, शाळा १९७४ ला बंद. रेल्वे लाइन उखडली गेली ती त्यानंतर, १९७० च्या दशकाच्या शेवटी. म्हणजे रेल्वे गेल्याने गाव गेलं असं म्हणणं उलटं आहे, रेल्वेला न्यायला तिथे फारसं काही उरलंच नव्हतं.

१९८० मध्ये १८ माणसं होती. मग ऐंशीच्या दशकातलं शेतीकर्जाचं संकट, व्याजदर चढलेले आणि जमिनीचे भाव कोसळलेले, त्यात आणखी घरं गेली. २००० मध्ये उरलं एकच जोडपं. २००४ मध्ये नवरा वारला, आणि तेव्हापासून त्या आजी एकट्या. आजोबांनी आयुष्यभर जमवलेली सुमारे ५,००० पुस्तकं एका छोट्या खोलीत लावून तिथे वाचनालय केलंय, ज्याला पाहिजे त्याने न्यावं, वाचावं, आणून ठेवावं. गावातला बार १९७१ पासून त्यांचाच, आणि तिथे येणारी माणसं पन्नास-साठ मैलांवरून येतात, गुरंवाले, ट्रकवाले, शिकारीला आलेले. मी गेलो होतो तेव्हा बाहेर धुळीने माखलेले सात-आठ पिकअप उभे होते आणि आत दोन म्हातारे शेतकरी कुणाच्या तरी गोठ्यात वासरं किती झाली यावर बोलत होते. बाहेर घरं मोडलेली, छपरं आत बसलेली, गवत कमरेएवढं, हे सगळं खरंच आहे. पण त्या खोलीत बसल्यावर गाव मेलंय असं मला वाटलं नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांसाठी ते खेडं जे काम १९०२ पासून करत होतं, म्हणजे भेटायची जागा असणं, ते अजून करतंय, फक्त तिथे झोपायला एकच माणूस.

आता कायद्याचा भाग, कारण "एक माणूस म्हणजे गाव कसं?" हा प्रश्न बरोबरच आहे. नेब्रास्कात "व्हिलेज" हा कायदेशीर दर्जा आहे. १०० ते ८०० लोकवस्ती असेल तर तो मिळतो, पण नंतर संख्या खाली गेली म्हणून आपोआप जात नाही. पाच जणांचं मंडळ असायला हवं, पण पाच माणसंच नसली तर जी आहे तीच सगळं करते. आजी दरवर्षी रस्त्यांचा आराखडा भरून राज्याकडे पाठवतात कारण तो पाठवला नाही तर चार पथदिव्यांसाठी मिळणारा निधी थांबतो, बारचा दारू परवाना क्लार्क म्हणून स्वतःच सही करून स्वतःलाच देतात, आणि दिवे-पाण्यासाठी वर्षाला साधारण ५०० डॉलरचा कर स्वतःच बसवून स्वतःच भरतात. वाचायला गमतीचं वाटतं पण त्यामागे हट्ट आहे, दर्जा सोडला तर हे नाव नकाशावरून काउंटीत विरघळून जाईल हे त्यांना पक्कं माहीत आहे. आणि "व्हिलेज" शब्दावरून आकाराचा अंदाज कधी बांधू नका. शिकागोजवळच्या शॉम्बर्गमध्ये आपली कितीतरी मराठी मंडळी राहतात, ते इलिनॉयच्या कायद्याने व्हिलेजच आहे आणि लोकसंख्या ७५ हजारांच्या वर. उलट शेजारच्या आयोवात व्हिलेज हा दर्जाच नाही, वीस-पंचवीस माणसांची वस्तीसुद्धा कागदावर "सिटी".

२०२० चे २ कुठून आले? कोणी राहायला आलं नव्हतं. सेन्सस ब्युरोने २०२० पासून छोट्या जागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडं वर-खाली मिसळायला सुरुवात केली. कारण सोपं आहे, गावात एकच माणूस असेल तर त्या गावाचा वय, वंश, घर यांचा तक्ता म्हणजे त्या एका माणसाचा फॉर्मच झाला, आणि कायद्याने माणसाची माहिती गुप्त ठेवायची असते. म्हणून राज्याचा एकूण आकडा जसाच्या तसा (नेब्रास्का १९,६१,५०४), आणि खाली छोट्या वस्तीच्या पातळीवर दोन-चार इकडचे तिकडे. मोठ्या शहरात हे कळतही नाही, मोनोवायमध्ये मात्र १ चे २ झाले की कागदावर शंभर टक्के वाढ. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, इतक्या छोट्या गावाची टक्केवारी कधी काढू नका, आणि एकट्या गावाचा आकडा तर वाचूच नका, काउंटीचा वाचा. बॉइड काउंटी २०१० मध्ये २,०९९ होती, २०२० मध्ये १,८१०. क्षेत्रफळ बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त. खरी बातमी ती आहे, मोनोवाय नाही, कारण १,८१० माणसांत दवाखाना, शाळा, अँब्युलन्स, रस्ते सगळं चालवायचंय.

आणि सगळंच माणसांच्या जाण्या-येण्याचं नाही, नद्यांचंही आहे. मोनोवायच्या पूर्वेला पंधरा-वीस मैलांवर नायोब्रॅरा नावाचं गाव आहे, दोन नद्यांच्या संगमावर, ते गाव दोनदा हललंय. एकदा १८८१ मध्ये, बर्फ अडून आलेल्या पुराने. दुसऱ्यांदा १९७० च्या दशकात, आणि ही गोष्ट धरणाखालच्या आपल्या लोकांना लगेच समजेल. खाली मिसूरीवर गॅव्हिन्स पॉइंट धरण १९५७ मध्ये पूर्ण झालं, नायोब्रॅरा नदी सँडहिल्स नावाच्या वाळूच्या टेकड्यांमधून प्रचंड वाळू घेऊन येते, पाण्याला फुगवटा आल्याने ती वाळू संगमावरच बसायला लागली, नदीचा तळ वर आला आणि त्याबरोबर जमिनीखालचं पाणीही, इतकं की घरांच्या तळघरांत पाणी साचायला लागलं. शेवटी अख्खं गाव टेकडीवर नेलं. मग २०१९ च्या १४ मार्चला वर स्पेन्सर धरण बर्फ आणि पुराच्या लोंढ्याने फुटलं आणि पाण्याबरोबर गाडीएवढे बर्फाचे तुकडे खाली आले. मोनोवाय त्या मानाने ओढ्याच्या खोऱ्यात, त्याला नदीने कधी उठवलं नाही.

तुम्हाला स्वतः खोदायचं असेल तर व्हिडिओ सोडा आणि कागदांकडे जा, सगळं घरबसल्या फुकट मिळतं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिसच्या नोंदींत टाउनशिप आणि रेंज नंबर (मोजणीतल्या त्या चौकोनाचा पत्ताच) टाकला की कोणत्या पाव सेक्शनचा पट्टा कोणाच्या नावे कधी निघाला ते मूळ कागदासकट दिसतं. तो पट्टा आणि आजचा काउंटी असेसरचा (करासाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा) नकाशा एकावर एक ठेवा, चार नावांची जमीन एका नावावर कशी गोळा झाली ते डोळ्यांनी दिसेल, मी नवीन पोरांना कामावर घेतो तेव्हा पहिला आठवडा हेच करायला लावतो. आणि सेन्ससचे मूळ कागद, घराघरातली नावं, वय, धंदा, जन्म कुठला, हे ७२ वर्षांनी नॅशनल अर्काइव्ह्ज खुले करतं. १९५० चे २०२२ मध्ये उघडले, त्यात गणकाने हाताने लिहिलेल्या ओळी वाचता येतात, कोण शेतमजूर, कोण दुकानात, कोणाची किती पोरं. गाव खरं रिकामं व्हायला लागलं ते त्यानंतर, आणि त्यामुळे मला हवेत ते १९६० चे कागद, ते २०३२ च्या एप्रिलमध्ये उघडतील.